होडी ढकलण्याचा खर्च

१९९८ सालच्या ऑगस्ट महिन्यातली गोष्ट. पुण्यातल्या एका लहानशा निर्यात-व्यवसायात मी पत्रव्यवहार सांभाळत होतो. सातारा जिल्ह्यातल्या एका गावात अकरा बायका गोधड्या शिवत आणि आम्ही त्या परदेशी पाठवत असू. उत्तर इंग्लंडमधलं एक दुकान हे आमचं सर्वांत भरवशाचं गिऱ्हाईक. नाताळासाठी त्यांची मागणी येई आणि माल विमानाने जाई. त्या वर्षीच्या फॅक्समध्ये लिहिलं होतं की दुकानाला पंचवीस वर्षं होत आहेत, तेव्हा यंदा पॅकिंगच्या बाबतीत ‘वुई आर गोइंग टु पुश द बोट आउट’. तुमच्या कल्पना कळवा.

माझं शिक्षण बारावीपर्यंतचं, तेही वाणिज्य शाखेचं. इंग्रजी मी शब्दकोश आणि जुन्या मासिकांतून उचललेलं. ‘पुश’ मला कळत होतं, ‘बोट’ कळत होतं, ‘आउट’ तर कळतच होतं. मी अर्थ लावला : यंदा माल बोटीने पाठवा आणि पॅकिंग समुद्रप्रवासाला टिकेल असं करा. विमानाचं भाडं वाचणार म्हणून मालकही खूश झाले. ‘पॅकिंग अतिशय मजबूत करू’ असं मी उत्तर धाडलं. बोटीचा उल्लेख त्यात केला नाही. त्यांनीच सांगितलेली गोष्ट त्यांना परत काय सांगायची, असं मला वाटलं. गोधड्या जाड प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून, वर गोणपाट शिवून, न्हावाशेवा बंदरातून रवाना झाल्या आणि नाताळ उलटून गेल्यावर दुकानात पोचल्या.

‘पुश द बोट आउट’ म्हणजे हात सैल सोडून खर्च करणे. त्यांना सुंदर पिशव्या, रंगीत फिती, शिवणारीच्या नावाची चिठ्ठी असं काही हवं होतं आणि त्यासाठी जास्तीचे पैसे मोजायला ते तयार होते. पुढच्या वर्षी त्यांची मागणी आली नाही. अकरापैकी सहा बायकांचं काम सुटलं. मालक मला एक शब्दही बोलले नाहीत, हे आजही जास्त लागतं.

पैसे खर्च करण्याविषयीचे इंग्रजी वाक्प्रचार मी तेव्हापासून वहीत टिपत आलो आहे. अशा आता चार वह्या झाल्या. भाषाशास्त्राचं रीतसर शिक्षण माझ्याकडे नाही. अप्पा बळवंत चौकातली जुनी पुस्तकं आणि ग्रंथालयांतले कोश एवढंच भांडवल. पण वर्षानुवर्षं एकाच विषयाच्या मागे लागल्यावर काही गोष्टी ध्यानात आल्या.

पहिली गोष्ट चित्राविषयीची. वाक्प्रचार म्हटला की आपण त्यातल्या चित्राकडे धावतो. होडी दिसली की समुद्र शोधतो. मूळ चित्र खोटं नव्हतं. किनाऱ्यावरची होडी पाण्यात ढकलायची तर बळ लावावं लागतं आणि ते दुसऱ्यासाठी लावलं तर तो उपकारच. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ब्रिटिश खलाशांच्या आणि सैनिकांच्या बोलीत सगळ्यांसाठी दारू मागवणाऱ्याबद्दल हे शब्द वापरले जात. पुढे खलाशी मागे पडले, दारू मागे पडली, होडी नावापुरती उरली. राहिला तो सूर : प्रसंग मोठा आहे, तेव्हा खर्च करू या, आणि त्यात काही गैर नाही. माझी चूक शब्दार्थाची कमी आणि सुराची जास्त होती. ‘पंचवीस वर्षं’ हे शब्द त्याच वाक्यात होते; सण कुणाचा आहे हे मी पाहिलंच नाही.

खर्चाचे वाक्प्रचार रकमेबद्दल फारसं बोलत नाहीत. खर्च करणाऱ्याबद्दल बोलतात. तो स्वखुशीने देतो की कुरकुरत, शहाणा आहे की उधळ्या, एवढंच त्यांना सांगायचं असतं. इंग्रजीत नाइलाजाने पैसे देण्यासाठी मोठा गोतावळा आहे. ‘शेल आउट’ म्हणजे शेंग सोलून दाणे काढावेत तसे पैसे काढणं. ‘कफ अप’ म्हणजे खोकून बाहेर टाकणं. ‘फोर्क आउट’मध्ये काट्याने उपसणं आहे. तिन्हीचा शब्दकोशातला अर्थ ‘पैसे देणे’ असाच मिळेल. पण वडिलांच्या उपचारासाठी मुलाने आनंदाने पैसे दिले, तर ‘ही कफ्ड अप’ म्हणणं हा त्या मुलाचा अपमान होईल. उलट ‘स्प्लॅश आउट’मध्ये पाणी उडवण्याची मौज आहे, नवी सायकल घेतली, सहलीला गेलो, तिथे तो शोभतो. आणि ‘ब्लो’ म्हटलं की फुंकून टाकले, हातात काही उरलं नाही.

मराठीत हा भेद आपण न शिकता पाळतो. ‘दहा हजार दिले’ आणि ‘दहा हजार मोजले’ यांत रक्कम तीच, पण मोजणाऱ्याचं तोंड वाकडं झालेलं ऐकणाऱ्याला दिसतं. ‘भुर्दंड बसला’, ‘खिशाला चाट बसली’, ‘चुराडा केला’, ‘सढळ हाताने दिले’ : यांतला एक काढून तिथे दुसरा बसवून पाहा, नाती बिघडतील. परभाषेत मात्र आपण सगळ्यांना ‘देणे’ या एकाच खुंटीला टांगतो. द्विभाषिक कोशांचा दोष म्हणावा तर हाच. ते अर्थ देतात, तोंड वाकडं झालं की नाही ते सांगत नाहीत.

नाण्यांचे वाक्प्रचार यापेक्षा वेगळे. सरकारने नाणं बंद केलं तरी ते बंद होत नाहीत. १५ फेब्रुवारी १९७१ पर्यंत ब्रिटिश पौंडाचे २४० पेनी होत; बारा पेनींचा शिलिंग, वीस शिलिंगांचा पौंड. त्या दिवसापासून पौंडाचे शंभर भाग झाले. पण ‘पेनी वाइज, पाउंड फूलिश’, म्हणजे पेनीपुरता शहाणा आणि पौंडाच्या व्यवहारात मूर्ख, ही सतराव्या शतकापासूनची म्हण जागची हलली नाही. आपल्याकडे १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली. त्याआधी रुपयाचे सोळा आणे, चौसष्ट पैसे, एकशे ब्याण्णव पै. ज्यांनी आणा कधी हातात धरला नाही ती मुलंही आज ‘सोळा आणे खरं’ म्हणतात. ‘पै न् पै चुकती केली’ म्हणणाऱ्याला पै म्हणजे रुपयाचा कितवा भाग हे विचारून पाहा.

पेनीची सर्वांत गमतीदार कथा ‘स्पेंड अ पेनी’ची. शब्दशः पेनी खर्चणे, प्रत्यक्षात शौचालयात जाऊन येणे. १८५१ साली लंडनच्या हाइड पार्कमध्ये भरलेल्या प्रचंड प्रदर्शनात जॉर्ज जेनिंग्ज याने सार्वजनिक शौचालयं उभारली आणि आत जायला एक पेनी आकारली. आठ लाखांहून अधिक लोकांनी ती दिली. पुढे दारावर नाणं टाकायची कुलपं आली. पुरुषांच्या मुताऱ्या बहुधा फुकट असत, दाराआडच्या खोलीला पैसे पडत. म्हणजे घराबाहेर पडलेल्या बाईला हा खर्च चुकत नसे. हा वाक्प्रचार बायकांच्या तोंडी रुळला त्याचं कारण हेच असावं. छापील पुस्तकांत मात्र तो विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सापडत नाही. सभ्य माणसं लिहीत नव्हती, एवढाच त्याचा अर्थ. आपल्या रेल्वे स्थानकांवर आणि बाजारांत आजही पुरुषाला एक आणि बाईला दुसरा न्याय आहे. त्यावर अजून आपला वाक्प्रचार झाला नाही, याचं मला नवल वाटतं.

जेनिंग्जच्या पेनीला कागदोपत्री आधार आहे. बऱ्याच व्युत्पत्तिकथांना तो नसतो, आणि स्वतः शिकलेल्या माणसाचा पाय नेमका तिथे घसरतो. माझाही घसरला. ब्रूअर यांचा वाक्प्रचार-कोश १८७० साली प्रथम निघाला. त्याची एक जुनी आवृत्ती हाती लागली आणि मी वर्षभर त्यातल्या कथा भेटेल त्याला सांगत सुटलो. मग तारखा लावून पाहायची सवय लागली. ‘पे थ्रू द नोज’, नाकातून पैसे देणे, म्हणजे अवाच्या सवा किंमत मोजणे. कथा अशी की नवव्या शतकात आयर्लंडमधले डेन राज्यकर्ते कर न देणाऱ्याचं नाक चिरत. पण वाक्प्रचार सापडतो तो सतराव्या शतकात. मधली आठशे वर्षं तो कुठे दडून बसला होता? ‘कॉस्ट ॲन आर्म अँड अ लेग’, एक हात नि एक पाय एवढी किंमत. कथा अशी की जुने चित्रकार चित्रात जितके अवयव काढावे लागतील तितका दर जास्त लावत. वाक्प्रचार आहे अमेरिकेतला, विसाव्या शतकाच्या मध्याचा. ‘रॉब पीटर टु पे पॉल’, पीटरला लुबाडून पॉलचं देणं भागवणे, याचा संबंध सोळाव्या शतकात वेस्टमिन्स्टरच्या सेंट पीटरच्या मठाची मालमत्ता सेंट पॉलच्या डागडुजीला वळवली त्या प्रसंगाशी जोडतात. म्हण मात्र त्या प्रसंगाच्या आधीपासून होती. दोन संतांची नावं नेहमी जोडीने घेतली जात, एवढं तिला पुरेसं होतं. आपण म्हणतो, ‘याची टोपी त्याच्या डोक्यावर’. ती टोपी कुणाची, हे अजून कुणी शोधायला निघालेलं नाही हे बरं आहे.

एक कथा सोडताना मला खरंच वाईट वाटलं, कारण ती आपल्या घरची होती. इंग्रजीतला ‘डॅम’, म्हणजे ‘मला त्याची कवडीची पर्वा नाही’ अशा अर्थी येणारा शब्द, आपल्या ‘दाम’ या नाण्यावरून आला, अशी सूचना यूल आणि बर्नेल यांच्या १८८६ सालच्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या कोशात आहे. दाम हे तांब्याचं नाणं. अकबराच्या काळी चाळीस दामांचा रुपया. त्यामागे संस्कृत द्रम्म, त्याच्याही मागे ग्रीक द्राख्मा, आणि द्रम्म तर आपल्या यादवकालीन शिलालेखांत भेटतो. ग्रीसहून निघालेलं नाणं महाराष्ट्रातून फिरून इंग्रज शिपायाच्या शिवीत जाऊन बसलं, ही साखळी मला फार आवडली होती. ऑक्सफर्डच्या कोशकारांनी ती मानली नाही. शाप देण्याचा ‘डॅम’ इंग्रजीत आधीपासून होता आणि त्याला आपल्या तांब्याची गरज नव्हती. साखळीतल्या पहिल्या तीन कड्या खऱ्या, शेवटची तेवढी नाही. वहीतलं ते पान मी फाडलं नाही. वर तिरकी रेघ मारून ठेवली आहे.

खोट्या कथांची हौस फिटल्यावर जी एक खरी कथा सापडली ती सगळ्यांवर कडी करणारी होती. इंग्लंडच्या राजाचा खजिना शतकानुशतकं लाकडाच्या काठ्यांवर हिशोब ठेवत असे. काठीला आडव्या खाचा पाडायच्या : हजार पौंडांची खाच तळहाताएवढी रुंद, शंभराची अंगठ्याएवढी, विसाची करंगळीएवढी, एका पौंडाची बार्लीच्या दाण्याएवढी. मग काठी उभी चिरायची. खाचा दोन्ही अर्ध्यांवर उमटलेल्या. पैसे देणाऱ्याकडे एक भाग, घेणाऱ्याकडे दुसरा. पुन्हा जुळवल्या की लबाडी लगेच उघडी पडे. देणाऱ्याकडच्या मोठ्या भागाला ‘स्टॉक’ म्हणत. शेअर बाजारातला ‘स्टॉक’ हा शब्द त्या काठीच्या घराण्यातला आहे. ‘स्कोर’ म्हणजे खाच, आणि वीस हा आकडाही. गुत्त्यातली उधारी ‘स्कोर’वर मांडली जाई, ‘सेटल द स्कोर’ म्हणजे आधी उधारी फेडणं आणि मग सूड घेणं. क्रिकेटचा स्कोर विचारताना आपण उधारीची खाच विचारत असतो.

१८२६ साली काठ्यांची पद्धत बंद झाली. साठलेल्या काठ्यांचं करायचं काय? गरिबांना सरपण म्हणून वाटता आल्या असत्या. त्याऐवजी १६ ऑक्टोबर १८३४ रोजी त्या लॉर्ड्‌स सभागृहाखालच्या भट्ट्यांत घातल्या, धुराडी तापली, आणि संसदेची जुनी इमारत जवळजवळ सगळी जळून गेली. डिकन्सने १८५५ सालच्या एका भाषणात सरकारी कारभाराची या प्रसंगावरून यथेच्छ टर उडवली होती. माझ्या लहानपणी दुधाच्या रतिबाच्या रेघा स्वयंपाकघराच्या दारामागे खडूने ओढलेल्या असत. आई त्या महिन्याअखेरी ओल्या फडक्याने पुसे. आमचं हिशोबाचं दप्तर निदान कुणाचं घर जाळत नव्हतं.

पाण्याच्या वाक्प्रचारांत दोन्ही भाषा शेजारणी वाटतात. पैसा पाण्यासारखा खर्च होणं दोन्हीकडे आहे. इंग्रजीत पैसे ‘डाउन द ड्रेन’, गटारात जातात. आपले नुसते पाण्यात जातात. आपल्या शिलकीला गंगाजळी म्हणतात, त्यांच्याकडे ‘स्लश फंड’ आहे. जहाजावर खारवलेलं मांस शिजताना वर येणारी चरबी म्हणजे स्लश. ती विकून खलाशांच्या किरकोळ चैनीचा निधी जमे. लाच द्यायचा गुप्त निधी हा अर्थ पुढे अमेरिकेत आला. एकीकडे गंगा आणि एकीकडे मांसाची चरबी. पण वर्तमानपत्रं वाचणाऱ्याला दोन्ही निधींच्या उपयोगात नेहमीच एवढं अंतर आढळेल असं मी म्हणणार नाही.

शेजार संपतो तो पावसाशी. ‘सेव्ह फॉर अ रेनी डे’, पावसाच्या दिवसासाठी शिल्लक ठेवा, हा उपदेश तिथे सोळाव्या शतकापासून चालत आला आहे. पाऊस म्हणजे काम बंद, रोजगार बुडाला. आमच्या माणदेशाच्या कडेला राहणाऱ्या माणसाला हे उलटंच वाटणार. तिथे पावसाचा दिवस हा शिल्लक बाहेर काढायचा दिवस. बियाणं घ्यायचं, पेरणी करायची. पैसे साठवायचे असतात ते पाऊस न पडण्याच्या दिवसांसाठी. एका पाठ्यपुस्तकी भाषांतरात ‘पावसाळी दिवसाकरिता पैसे साठवावेत’ असं वाक्य मी वाचलं आहे. शब्द सगळे बरोबर, शेतकऱ्याच्या घरात मात्र ते वाक्य निरर्थक. मराठीत ‘अडीअडचणीला’ हा साधा शब्द आहे, तोच तिथे हवा होता. अंथरूण पाहून पाय पसरावे आणि ‘कट युवर कोट अकॉर्डिंग टु युवर क्लॉथ’ यांचंही तसंच. शिकवण एक, एकीकडे थंडीतला कोट बेतायचा आहे, दुसरीकडे जमिनीवर निजायचं आहे.

डच लोकांचा उल्लेख टाळून पुढे जाता येत नाही. १६५२ ते १६७४ या काळात इंग्लंड आणि हॉलंड यांच्यात तीन युद्धं झाली, आणि इंग्रजीत ‘डच’ हे विशेषण खोट्या, हलक्या गोष्टींना लागू लागलं. ‘डच ट्रीट’, ज्यात प्रत्येकाने आपापले पैसे द्यायचे, ही मेजवानीच नव्हे असा त्यातला टोमणा. हा प्रयोग एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेतला आणि ‘गो डच’ त्याच्याच पोटी जन्मलेला. आपल्या कॉलेजांतल्या मुलांनी यासाठी टीटीएमएम, तुझं तू माझं मी, हा शब्द घडवला. त्यात शेजाऱ्याची बदनामी नाही. परकीय वाक्प्रचाराचं भाषांतर न करता मराठीने स्वतःचा शब्द पाडला, अशी उदाहरणं मला थोडीच सापडली, आणि हे त्यांतलं सर्वांत चांगलं.

शेवटी पैसा कुठे ठेवतात ते पाहावं. इंग्रजी पैसा खिशात असतो, नाहीतर नाडीच्या बटव्यात. स्वतःचे पैसे गेले तर माणूस ‘आउट ऑफ पॉकेट’ होतो. पैसा ज्याला चैन पडू देत नाही त्याच्या खिशाला तो भोक पाडतो. घरातला आर्थिक अधिकार ज्याच्याकडे, त्याच्या हाती बटव्याच्या नाड्या असतात. आपला पैसा गाठीला असतो, कनवटीला असतो, आणि फार करून पदरी असतो. पदरमोड करणे, पदराला खार लावून घेणे, पदरचे घालणे : धोतर-पॅन्टवाले पुरुषही आपण पदरमोड केली असंच म्हणतात. हे शब्द बायकांच्या वस्त्रातून आले, बायकांच्या शिलकीतून आले. ‘आउट ऑफ पॉकेट’चं भाषांतर म्हणून कार्यालयीन मराठीत ‘खिशाबाहेरील खर्च’ असा शब्दप्रयोग मी पाहिला आहे. पदरमोड हा शब्द असताना तो ज्याला सुचला, त्याच्या घरात पदराच्या गाठीतून पैसे काढणारं कुणी नसेल.

गोधड्या शिवणाऱ्या बायकांत सर्वांत वयस्कर होत्या त्यांना आम्ही मावशी म्हणत असू. २००६ साली मी त्या गावी गेलो तेव्हा त्यांचे डोळे अधू झाले होते, शिवण सुटली होती. मी येणार म्हणून त्यांनी नातवाला दूध आणायला पाठवलं आणि पदराची गाठ सोडून त्याला पैसे दिले. चहा घेता घेता मी सगळं सांगितलं : तो फॅक्स, ती बोट, माझी चूक, आणि त्या शब्दांचा खरा अर्थ. मावशी शांतपणे ऐकत होत्या.

“म्हंजी जास्तीचं पैसं द्यायला तयार हुते ती?”

“हो, मावशी.”

“किती?”

मी तो फॅक्स जपून ठेवलेला होता. चकचकीत कागदावरची अक्षरं तोवर पार उडाली होती, पण मजकूर मला पाठ होता. त्यात आकडा नव्हता.

“ते लिहिलं नव्हतं,” मी म्हणालो.

“मग दादा, इचारायचं न्हाई का,” मावशी म्हणाल्या आणि कपात उरलेला चहा बशीत ओतू लागल्या.